कुत्र्यांची तिकिटं आणि कडक ऊन : सोळा पानांची एक फ्रेम करतोय, जाणकारांनी मदत करावी

बीट_क्र_११ (अकोला)

राजेहो, नमस्कार.

मी रिटायर्ड पोस्टमन. एकतीस वर्षं सायकलवर टपाल वाटलं आणि आता कुत्र्यांची टपाल तिकिटं जमवतो. पोस्टमननं कुत्र्यांची तिकिटं जमवावी याचं आमच्या घरातही सगळ्यांना हसू येते, तुम्हीही हसून घ्या. मग पुढचं वाचा.

मे १९८९. दुपारचे दोन. एका मनिऑर्डरीवर सही घ्यायची होती आणि घरातलं माणूस दार उघडत नव्हतं. अकोल्याचं दोनचं ऊन म्हणजे सायकलचं हँडल हातात धरवत नाही. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, खिशात कांदा, आणि त्या गल्लीत सावली एवढीच : एक कडुनिंब, त्याच्या बुडाशी खाटेएवढा काळा तुकडा. मी त्यात जाऊन उभा राहिलो. तिथं आधीच एक पिवळं कुत्रं मातीत खड्डा करून पोट टेकवून पडलेलं होतं, ते मला दिसलंच नाही. माझा पाय त्याच्या शेपटीवर नाही पडला, त्याच्या सावलीत पडला. त्यानं पोटरी धरली.

कुत्रं पळालं ते पळालंच. मोहल्ल्यातले लोक म्हणाले, "उन्हानं पिसाळलं असन." कुत्रं सापडलं नाही म्हणून दवाखान्यात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली, पोटात, रोज एक. बेंबीभोवती घड्याळाचे आकडे असतात तशी जागा बदलत देत. नवव्या-दहाव्या दिवशी मी पालथा झोपूही शकत नव्हतो आणि सायकलवर वाकूही शकत नव्हतो. तेव्हा शेजारचा पोरगा त्याच्या पुडक्यातली चार तिकिटं घेऊन आला. "काका, तुम्हाले कुत्रं चावलं ना? मग हे तुम्हीच घ्या."

मग्यार पोस्टा! ज्यांनी लहानपणी पुडकी विकत घेतली त्यांना हे दोन शब्द पाठ असतील. हंगेरीचा १९५६ चा त्यांच्या देशी कुत्र्यांचा संच होता, त्यातली चार. एका कुत्र्याच्या अंगावर अशा जटा की तोंड कोणतं अन् शेपूट कोणतं ते कळेना. कोपऱ्यात शिक्का अगदी कोरून मारलेला आणि मागं गोंद जसाच्या तसा. मी शिक्के मारणाऱ्यांतला माणूस, मला तेव्हाच कळलं की हे तिकीट कोणत्याच पाकिटावर गेलेलं नाही. विकण्यासाठीच शिक्का मारलाय. तरी ठेवलं. तिथून सुरुवात.

आता तीनशे चाळीसच्या वर आहेत. कुत्रा हाच विषय असलेलं जगातलं पहिलं तिकीट म्हणजे न्यूफाउंडलंडचं १८८७ चं अर्ध्या सेंटचं, नुसतं डोकं, गुलाबी-लाल रंगात. माझ्याकडे आहे ते १८९४ मध्ये काळ्या रंगात निघालेलं, तेही कडेचा एक दात पडलेलं. अमेरिकेचं २०११ चं ओनीचं आहे. हा ओनी म्हणजे आमच्या खात्याचा माणूसच म्हणा ना. आल्बनीच्या पोस्टात टपालाच्या थैल्यांवर झोपायचा, थैल्यांसोबत रेल्वेच्या टपाल डब्यात चढायचा, जिथं जाईल तिथले लोक त्याच्या गळ्यात बिल्ले अडकवायचे. १८९५ मध्ये थैल्यांबरोबर जगाचा फेरा करून आला. कुत्रा पोस्टाचा असला की किती गुणाचा असतो बघा.

तर मुद्द्यावर येतो. जिल्ह्याच्या प्रदर्शनात एक फ्रेम मांडायची आहे, म्हणजे सोळा पानं. विषय ठरवला 'कुत्रा आणि ऊन'. कारण रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी पंचांगवजा पुस्तक मिळालं, त्यात ३ जुलै ते ११ ऑगस्ट हे चाळीस दिवस 'डॉग डेज' म्हणून छापलेत, वर्षातले सगळ्यात तापते दिवस. म्हटलं, वा! पण पानं लिहायला बसलो आणि अडलो.

त्यात लिहिलंय की हा कुत्रा म्हणजे तारा. आपण ज्याला व्याध म्हणतो तो. आता व्याध मला चांगला ओळखू येतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री जेवून गच्चीवर गेलो की समोर लखलखत असते. थंडीचा तारा हा! मग तो उन्हाळ्याच्या डोक्यावर कसा बसला? दुसरं म्हणजे जुलै-ऑगस्टात आमच्याकडे छत्री लागते. आमचा तापता काळ रोहिणीचा, २५ मेपासूनचा नवतपा. तिसरं, त्यांच्याकडे कुत्रा आहे तिथं आपल्याकडे शिकारी काहून? पंचांगात पावसाच्या नक्षत्रांची वाहनं असतात, हत्ती, घोडा, बेडूक, म्हैस, मोर, उंदीर, गाढव, मेंढा, आणि फार तर कोल्हा. कुत्रा नाही. आणि उन्हानं कुत्री खरंच पिसाळतात का, हे मला पस्तीस वर्षांपासून विचारायचं आहे.

शेवटची एक घरगुती अडचण. परवा स्टॉकबुक कूलरसमोरच्या फळीवर राहिलं. रात्रभर ओलसर हवा लागली आणि आपल्या पोस्टाचा २००५ चा देशी कुत्र्यांचा मिंट (म्हणजे कोरा, मागं गोंद शाबूत असलेला) संच एकमेकांना चिकटला. हिमालयी मेंढपाळ कुत्रा रामपूर हाउंडला असा चिकटलाय की सोडवायला गेलो तर दोघांचं कातडं निघेल. काही उपाय?

---

पहाटेची_दुर्बीण

काका, प्रश्न फार नेमका विचारलात. व्याध थंडीचा तारा आहे हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि उत्तर त्यातच दडलंय.

जो तारा डिसेंबर-जानेवारीत रात्री दिसतो, तो सहा महिन्यांनी कुठे असेल? दिवसा. सूर्याच्याच बाजूला. जुलैच्या सुरुवातीला सूर्य आणि व्याध आकाशात साधारण एकाच रेषेत असतात, जवळजवळ बरोबरीनं उगवतात. रात्री व्याध दिसत नाही, कारण तो दिवसा वर असतो आणि उजेडात हरवतो. ग्रीक-रोमन लोकांनी हिशेब असा मांडला : सूर्य एकटाच एवढा भाजतो, त्यात आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा त्याला जाऊन मिळाला, मग काय होणार! ग्रीक नाव 'सेइरिओस', अर्थ 'करपवणारा'. खरं तर तो ८.६ प्रकाशवर्षं लांब आहे, त्याची ऊब आपल्याला कणभरही लागत नाही. पण भीती खरी होती. ग्रीक कवी होमर त्याला ओरायन नावाच्या शिकाऱ्याचा कुत्रा म्हणतो आणि तो माणसांना ताप आणतो असं सांगतो. रोममध्ये या ताऱ्यानं पिकं करपवू नयेत म्हणून तांबूस रंगाची कुत्री बळी देत. रंग पिकलेल्या धान्याचा, मरण कुत्र्याचं.

हाच तारा नाईलकाठी मात्र देवी होता. इजिप्तमध्ये तो सुमारे सत्तर दिवस दिसेनासा व्हायचा, आणि मग एका पहाटे सूर्याच्या जरा आधी पूर्वेला चमकायचा. त्याच सुमारास नाईलला पूर यायचा. म्हणजे तिथे तो आपल्या मृगासारखा, पाण्याची वर्दी देणारा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि मला सगळ्यात आवडलेला. सूर्य मृगात गेला असं पंचांगात लिहितात, तेव्हा सूर्य कुठे असतो? त्याच बाजूला! मृग म्हणजे ओरायनचंच डोकं, आर्द्रा म्हणजे त्याचा खांदा, आणि व्याध त्याच्या पायाशी. ७ जूनच्या आसपास मृग, मग आर्द्रा, ५-६ जुलैला पुनर्वसू. तुमच्या पुस्तकातले डॉग डेज सुरू होतात ३ जुलैला. आकाशाचा तुकडा तोच, सूर्यही तोच. त्या तुकड्यात सूर्य शिरला की भूमध्य समुद्राच्या काठी नद्या आटतात आणि अकोल्यात पेरणीची घाई होते. मोसमी वारे मध्ये आले नसते तर आपणही त्या ताऱ्याला शिव्या दिल्या असत्या.

एक करून बघा. येत्या मेच्या अखेरीस सूर्य मावळल्यावर नैर्ऋत्येला बघत राहा. व्याध रोज खाली-खाली जाताना दिसेल, आणि अकोल्याच्या अक्षांशावर जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर संधिप्रकाशात बुडून जाईल. म्हणजे मृग लागायला आणि व्याध गायब व्हायला एकच गाठ पडते. परत दिसतो तो जुलैअखेरच्या पहाटे, पण तेव्हा ढग. मी बारा वर्षं प्रयत्न करतोय, दोनदाच दिसला.

शिकारी का? आपली गोष्ट ऐतरेय ब्राह्मणातली. प्रजापती हरिणाचं रूप घेऊन स्वतःच्या मुलीमागे, रोहिणीमागे, धावला. देवांनी त्याला शासन करायला एक उग्र रूप निर्माण केलं, त्यानं बाण मारला. तो व्याध. ओरायनच्या पट्ट्यातले तीन तारे म्हणजे मृगाच्या पोटात घुसलेला बाण. आपल्याकडे हरिण मध्यभागी आहे म्हणून मागे शिकारी. त्यांच्याकडे शिकारी मध्यभागी म्हणून मागे कुत्रा.

पण कुत्रा आपल्याकडे अजिबात नव्हता असं नाही. लोकमान्य टिळकांचा 'ओरायन' हा ग्रंथ १८९३ चा. वेदांचा काळ नक्षत्रांवरून काढताना टिळक ऋग्वेदातल्या त्या ऋचेपाशी थांबतात जिथे झोपलेल्या ऋभू नावाच्या देवांना श्वानानं जागं केलं असं म्हटलंय, आणि तो श्वान म्हणजे हाच तारा, वर्षारंभाची खूण, असा अर्थ लावतात. सगळ्यांना तो पटला असं नाही, पण वाचायला मजा येते.

आणि काका, टिळकांची जयंती २३ जुलैला. पोस्टानं १९५६ मध्ये जन्मशताब्दीला त्यांचं दोन आण्यांचं तिकीट काढलं होतं. तारीख बरोबर तुमच्या चाळीस दिवसांत बसते. कुत्रा नसलेलं तिकीट कुत्र्याच्या फ्रेममध्ये! परीक्षक दोन मिनिटं थांबेल की नाही?

---

बीट_क्र_११

बाप्पा! टिळकांचं तिकीट माझ्याकडे आहे हो, वापरलेलं, शिक्का कानावर. बायको म्हणते कुत्र्यांच्या पानावर लोकमान्यांना बसवाल तर लोक मारतील. मी म्हटलं, आधी वाचतील, मग ठरवतील.

गच्चीवरून नैर्ऋत्येला पाण्याची टाकी येते. शेजाऱ्याच्या गच्चीवर जाईन.

---

ल्योंकर

मी मूळ नाशिकचा, नऊ वर्षं फ्रान्समध्ये. इथे उष्णतेच्या लाटेला रोजच्या बोलण्यातला शब्द आहे 'कानिक्युल'. लॅटिन 'कानिकुला'वरून आलाय, अर्थ 'छोटी कुत्री', म्हणजे पुन्हा तुमचा व्याधच. टीव्हीवर, मेट्रोत, औषधाच्या दुकानात हा शब्द लागलेला असतो आणि बोलणाऱ्यांपैकी कुणाच्या डोक्यात कुत्रा नसतो. मलाही चौथ्या वर्षी कळलं.

हा शब्द इथले म्हातारे हलक्यात घेत नाहीत. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं उष्म्यानं गेली. बरीचशी एकटी राहणारी वयस्कर माणसं, वरच्या मजल्यांवर, घरची मंडळी सुट्टीवर गेलेली. त्यानंतर सरकारनं 'प्लान कानिक्युल' सुरू केला. एकट्या म्हाताऱ्यांची नावं नगरपालिकेत नोंदवतात आणि लाट आली की त्यांना फोन करतात. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजींना फोन आला तेव्हा त्या फोनवाल्यावरच चिडल्या, "मी जिवंत आहे, आणि माझा कुत्राही." कुत्रा बाथरूमच्या फरशीवर पसरला होता, आमच्याकडे नाशिकला मोरीत पसरायचा तसाच.

---

गुरांचा_डॉक्टर

पस्तीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर देतो. नाही. उन्हानं कुत्रं पिसाळत नाही.

पिसाळणं म्हणजे रेबीज, तो विषाणू. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून चाव्यावाटे जातो. उन्हातून, तहानेतून, ताऱ्यातून होत नाही. रोमचा प्लिनी तेच लिहून गेलाय की हा तारा तापला की कुत्री पिसाळतात, आणि आमच्या दवाखान्यात अजून तेच ऐकतो, फक्त ताऱ्याचं नाव गळालंय. चावे वाढायचे म्हटले तर भादव्यात कुत्र्यांच्या झुंडी होतात, मारामाऱ्या होतात, तो काळ बघा. मे महिन्यात कुत्रं चावतं ते बहुतेक वेळा तुमच्यासारखं, म्हणजे त्याच्या थंड जागेवर कुणीतरी पाय ठेवला म्हणून. तुमचं ते पिवळं कुत्रं माझ्या मते पूर्ण शहाणं होतं.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडासा पंजांच्या तळव्याला येतो. बाकी सगळी भिस्त जिभेवर. धापा टाकून तोंडातलं पाणी वाफ करायचं, त्यानं रक्त थंड करायचं. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा मुळातच जास्त. १०५ च्या पुढे गेलं की आतले अवयव शिजायला लागतात. हवाच अंगापेक्षा गरम झाली, कोंडलेली असली, की धापेचा उपयोग संपतो. बंद गाडीत ठेवलेली कुत्री अशीच जातात. असं कुत्रं दिसलं तर सावलीत न्या, पोटावर, काखेत, पंजांवर साधं पाणी ओता, वारा घाला. बर्फ नको.

आणि चावलं तर, काका तुम्हाला नाही, बाकीच्यांना सांगतो : जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, मग दवाखाना. हळद, चुना, तंबाखू काही नको. पोटातली चौदा इंजेक्शनं इतिहासजमा झाली. ती लस मेंढीच्या मेंदूपासून करत. भारतात ती २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात चार-पाच, आणि जखम खोल असेल तर जखमेतच सीरम.

तुमच्या फ्रेमसाठी आहेर : पाश्चरनं पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा लस टोचली ती तारीख ६ जुलै १८८५. बसली ना चाळीस दिवसांत? पाश्चरची फ्रान्सची तिकिटं १९२३ पासून ढिगानं आहेत, स्वस्तात मिळतील.

---

जतची_लेक

काका, २००५ च्या संचात तुम्ही आमच्या मुधोळचं नावच घेतलं नाही! हिमालयी आन् रामपूर चिकटले म्हणून रडताय, मुधोळ आन् राजापालयम सुखरूप हायेत न्हवं?

मुधोळ आता कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात, पण संस्थान घोरपड्यांचं, मराठ्यांचं. त्यांच्यातल्या मालोजीरावांनी ही जात निवडून वाढवली आणि पंचम जॉर्ज राजाला पिल्लं भेट दिली. आमच्याकडं याला कारवान म्हणतात. माझ्या आजोबांकडं दोन होती. उन्हाळ्याचं बघायचं तर हे कुत्रं बघावं : अंगावर केस आखूड, कातडी हाडाला चिकटलेली, पोट आत, छाती खोल, चरबी नावाला नाही. जतच्या माळावर एप्रिलमध्ये ससा उठला की सुटायचं. पण आजोबा सकाळी नऊनंतर त्याला सोडत नसत. "पळंल त्यो, पर थांबायचं त्येला कळत न्हाई," म्हणायचे. दुपारी गोठ्यात ओल्या पोत्यावर.

चिकटलेल्या तिकिटांना एक उपाय : प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बंद करा आणि तीन-चार तास फ्रीजरमध्ये ठेवा. गोंद कडक होतो, मग पातळ सुरीनं एका कोपऱ्यातून हळू. कधी सुटतं, कधी नाही. पाण्यात टाकाल तर सुटतील नक्की, पण गोंद जाईल आणि मिंटचं मिंटपण संपेल.

---

बीट_क्र_११

मुधोळ सुखरूप हाये, माय. पाच रुपयाचं तिकीट, वेगळ्या पानावर होतं म्हणून वाचलं. राजापालयमचं पंधराचंही.

डॉक्टरसाहेब, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. कोंडलेली हवा अंगापेक्षा गरम झाली की धापेचा उपयोग संपतो, तिथं थांबलो. कारण मला त्याच क्षणी लायका आठवली.

लायकाचं रुमानियाचं तिकीट माझ्याकडं वीस वर्षांपासून आहे. मी ते 'अंतराळ' म्हणून वेगळ्या पानावर ठेवलं होतं. त्यावर लिहिलंय, लायका, अंतराळातली पहिली प्रवासी. कान उभे, नजर पुढं. तिकिटावरचा कुत्रा नेहमी फोटोला बसल्यासारखा असतो, तशीच. मॉस्कोच्या रस्त्यावरची बेवारस कुत्री होती ती, सहा किलोच्या आतबाहेर. ३ नोव्हेंबर १९५७ ला स्पुटनिक-२ मध्ये बसवून वर पाठवली. परत आणायची सोयच नव्हती, हे सुरुवातीपासून ठरलेलं होतं. पुढं कित्येक वर्षं जगाला सांगितलं गेलं की ती काही दिवस नीट होती आणि मग शांतपणे गेली. माझ्याही पानावर तेच लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात.

खरं काय झालं ते २००२ मध्ये एका रशियन शास्त्रज्ञानं सांगितलं. यानाचं उष्णतेपासूनचं आवरण फाटलं होतं, आतली हवा चाळीस अंशांपर्यंत चढली, आणि ती पाच ते सात तासांत गेली. उष्म्यानं. उडताना तिच्या हृदयाचे ठोके एकशे तीनवरून दोनशे चाळीस झाले होते, ते खाली यायला जमिनीवरच्या चाचण्यांच्या तिप्पट वेळ लागला. यान मात्र पृथ्वीभोवती फिरत राहिलं, १४ एप्रिल १९५८ ला जळून पडेपर्यंत.

चाळीस अंश. अकोल्यात चाळीस म्हणजे एप्रिल सुरू झाला एवढंच. आमचं पोस्टाचं कुत्रं, त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं, चाळीस झाले की सॉर्टिंगच्या टेबलाखालून उठून रांजणाखाली जायचं. रांजण पाझरतो, खाली चिखल होतो, त्यात पोट टेकायचं. जीभ बाहेर, जिभेच्या टोकाशी थेंब जमायचा, पडायचा, दुसरा जमायचा. मी कधी कधी टपाल लावता-लावता त्याची धाप मोजायचो आणि चुकायचो, एवढी भरभर. पंचेचाळीस झाले तरी ते जगायचं, कारण उठून दुसरीकडं जाता येत होतं. तिला पट्ट्यांनी बांधलेलं होतं. उभं राहायला, बसायला, आडवं व्हायला जागा होती, वळायला नव्हती.

तर लायका आता माझ्या 'ऊन' फ्रेममध्ये येणार. अंतराळाच्या पानावरून काढतोय.

---

दात_मोजणारा

साहेब, विषय 'कुत्रा आणि ऊन', आणि लायका नोव्हेंबरात गेली, तेही आकाशात. बिघडलेल्या यंत्रातली उष्णता म्हणजे ऊन नव्हे. विषयाची चौकट मोडली की परीक्षक गुण कापतात. मी तीन जिल्हा प्रदर्शनांत परीक्षक होतो. त्यापेक्षा बेल्का आणि स्ट्रेल्का या दोन कुत्र्या घ्या : १९ ऑगस्ट १९६० ला वर गेल्या, दुसऱ्या दिवशी जिवंत परत आल्या, आणि सोव्हिएत पोस्टानं त्याच वर्षी त्यांची तिकिटं काढली. महिना तरी जुळतो, शेवटही गोड.

---

बीट_क्र_११

महिना जुळतो म्हणता, पण १९ ऑगस्ट चाळीस दिवसांच्या बाहेर आठ दिवसांनी पडते. चौकट मोजायचीच तर नीट मोजा, साहेब. रागावू नका.

फ्रेमचं नाव बदललं. 'कुत्रा आणि ऊन' खोडून 'कुत्रा आणि ताप' केलं. ऊन म्हणजे ताप, ताऱ्याचा ताप, चावल्यावर येतो तोही ताप. होमरचा कुत्रा माणसाला ताप आणतो असं दुर्बीणवाल्यांनीच सांगितलं. आता पाश्चरही बसतो, टिळकही बसतात (त्यांनी कुणाला ताप दिला ते सगळ्यांना माहीत आहे), आणि लायकाही. बेल्का-स्ट्रेल्का तिच्याच पानावर खाली ठेवतो, आणि त्या परत आल्या हेही लिहितो. ओनीला मात्र जागा नाही मिळाली. खात्याचा माणूस असून.

लायकाच्या पानावरची माझी जुनी ओळ खोडली नाही. वर एक रेघ मारून खाली खरी लिहिली, रजिस्टरात चूक झाली की आम्ही करायचो तशी, शेजारी सही आणि तारीख.

फ्रीजरचं सांगतो. बायकोच्या वाटाण्याच्या पिशवीशेजारी चार तास ठेवलं. हिमालयी अख्खा सुटला, गोंदासकट. रामपूरच्या मागचा कागद मात्र नखाएवढा सोलला आणि हिमालयीच्या अंगावर राहिला. आता रामपूर थिन, म्हणजे मागून पातळ झालेलं तिकीट, म्हणून किमतीत गेला. हिमालयीवरचा तो कपटा चिमट्यानं काढायचा प्रयत्न करतोय, पण दुपारचे दोन वाजलेत, कूलर बंद ठेवलाय, आणि घामाचा थेंब तिकिटावर पडू नये म्हणून कपाळाला दुपट्टा बांधून बसलोय.